ओहोळापलीकडची माती

एका म्हाताऱ्या बाईला मी खोट्या जागेवर नेऊन रडायला लावलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्या दोन मित्रांना माझं बाकी सगळं ठाऊक आहे त्यांनाही नाही. ती बाई आपल्या भावाचं थडगं शोधत आमच्या गावी आली होती. थडगं कुठे आहे ते मला माहीत होतं. त्या थडग्यावरचा दगड कुठे आहे तेही माहीत होतं, कारण तो आमच्या खळ्यात होता आणि आम्ही त्याच्यावर भात झोडत होतो. मी तिला हाताला धरून ओहोळ पार करून दिला, दुसऱ्याच माळावर उभं केलं आणि बोट दाखवून म्हणालो, इथंच. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. वय सांगतोय ते सबब म्हणून नव्हे. एकोणिसाव्या वर्षी माणसाला खरं-खोटं कळतं. मला चांगलं कळत होतं.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईपासून चालत पाऊण तासावर. घर कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं खळं, खळ्याच्या कडेला आंबा आणि त्याच्या बुंध्याशी बैल. दिवाळी झाली की आमच्याकडे पहाटेपासून एकच आवाज असायचा, भाताची पेंडी दगडावर आपटल्याचा. धप्प, आणि मागोमाग दाणे उडाल्याची सरसर. चार माणसं झोडायला लागली की त्या आवाजाला लय यायची, आणि कुणी मध्येच थांबलं तर आतून आई ओरडायची, "कोन दमला रे?" झिनी जातीच्या भाताचा वास सगळ्या घरभर भरायचा, पेंढ्याचं कुसळ अंगाला खाजायचं, न्याहारीला तांदळाची भाकरी आणि सुकट-वांगं असायचं, त्यावर गवती चहा घातलेला कोरा चहा. मी शहापूरला मामाकडे राहून कॉलेजात शिकत होतो, पण झोडणीला घरी यायचोच. बाचा तसा हुकूमच होता. माझे वडील, ज्यांना आम्ही बा म्हणायचो, गावचे पोलीस पाटील होते. ते हुकमाशिवाय दुसऱ्या भाषेत बोलल्याचं मला आठवत नाही.

आमच्या खळ्यातला झोडायचा दगड गावात नावाजलेला होता. कंबरेएवढा लांब, सपाट, एका अंगाला घडवलेला, आणि त्या घडवलेल्या अंगावर अक्षरं कोरलेली. बा तो तिरका टेकवायचे आणि अक्षरं वर ठेवायचे. कुणी पाहुणा आला की कौतुकाने सांगायचे, "ह्या खाचा हायत ना, त्याच्यानं दाना बरा सुटतो. दुसऱ्या दगडाव दोन येला झोडावं लागतं, ह्याच्याव एकदाच." पाहुणा मान डोलवायचा. मी शाळेत जायच्या आधी जी अक्षरं ओळखायला लागलो ती त्या दगडावरची. शिपाई दाविद मनोहर. त्याखाली वय एकवीस. त्याच्याखाली, प्रभूमध्ये निजला. तारीख झोडून झोडून बुजली होती. लहानपणी मला वाटायचं की झोडायच्या दगडांवर असंच काहीतरी लिहिलेलं असतं.

तो दगड सोजीरमाळावरून आणलेला होता. सोजीर म्हणजे सोल्जर. दुसऱ्या महायुद्धात आमच्या शिवाराबाहेर लष्कराचा तळ पडला होता, पलटणी तिथे रानात राहायला आणि पूल-रस्ते बांधायला शिकायच्या. एका पावसाळ्यात दगडी खांबांवर ओंडक्यांचा पूल बांधताना तो पुरात गेला आणि सात जण गेले. त्यांना तळाच्या कडेला पुरलं. सहा थडग्यांवर लाकडी क्रूस होते. सातव्यावर हा दगड होता, त्याच्या सोबत्यांनी स्वतः घडवलेला. लढाई संपली, तळ उठला, माळ ओस पडला. लाकडी क्रूस गावाने उपटून जाळले. माझ्या आजीने त्यातल्या एकावर बाळंतिणीचं पाणी तापवलं होतं आणि ते ती हसत सांगायची, लाकूड सागाचं होतं म्हणून. दगड आजोबांनी बैलांच्या फरकांडीवर, म्हणजे बिनचाकी घसरगाडीवर, घालून खळ्यात आणला. मग माळही हळूहळू आमच्या वहिवाटीत आला, आणि बा पाटील झाल्यावर सातबाऱ्यावर आमचं नाव चढलं. ते कसं चढलं हे तलाठ्याला आणि बाला ठाऊक. माळावर आम्ही नाचणी पेरायचो. सात ठिकाणी जमीन किंचित वर आलेली दिसायची आणि तिथली नाचणी बाकीच्यापेक्षा दाट यायची. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

आमच्याकडे झोडणीला वरच्या वाडीतला बुधा यायचा. ठाकर होता, बाच्याच वयाचा, हाडाने किरकोळ, पण चार माणसांचं काम करणारा. फक्त तोच त्या दगडावर झोडायचा नाही. स्वतःच्या खांद्यावरून फळी आणायचा, ती टेकवायचा आणि तिच्यावर झोडायचा. बाकीचे त्याची टिंगल करायचे.

"बुधा, तुज्या फळीला काय सोनं लागलंय रे?"

"सोनं नाय. त्यो मानसाचा दगुड हाय. आमी आमच्या मेलेल्याला चिरा बसवताव, त्याच्याव कोन भात झोडल का?"

"तुमचा चिरा तुमच्या वाडीत. हा सोजिराचा."

"सोजीर काय कुत्र्याच्या पोटचा व्हता?"

मग सगळे हसायचे, बुधाही हसायचा आणि फळीवर झोडत राहायचा. मीही हसायचो. आज वाटतं, अख्ख्या गावात शिकलेला माणूस तो एकच होता, आणि त्याला सही करता येत नव्हती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी पोस्टमनने बाच्या नावाचं पाकीट दिलं. बाला वाचायला वेळ लागायचा, म्हणून टपाल मीच मोठ्याने वाचायचो. ओटीवर बसून वाचलं. मेहेरबान पोलीस पाटील साहेब यांस, नगरहून एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंचा नमस्कार. माझा थोरला भाऊ लढाईच्या काळात आपल्या गावाजवळ पूल बांधताना वारला, तो व त्याचे सहा सोबती तिथेच पुरलेले आहेत. वाचलेल्या सोबत्यांनी त्याच्या नावाचा दगड घडवून बसवल्याचं त्यांच्यातल्या एकाने तेव्हा आम्हाला कळवलं होतं. माझी आई हयात आहे. ती अंथरुणाला खिळली आहे आणि तिची एवढीच इच्छा आहे की कुणीतरी तो दगड पाहून यावा आणि तिथली मूठभर माती तिच्यासाठी आणावी. मी दिवाळीनंतर येते. तोवर जमल्यास आपण त्या दगडावर आमच्या वतीने एक फूल ठेवावं. भावाचं नाव दाविद मनोहर.

नाव वाचून मी खळ्याकडे पाहिलं. खळ्यात झोडणी चालूच होती. बाने त्या बाजूला पाहिलंही नाही.

"फाडून टाक," ते म्हणाले.

"बा, तो दगड..."

"दगडाचं राहू दे. दगुड दावला का थडगी दावावी लागतील. थडगी दावली का उद्या मिलिटरीवालं येतील, माळ मोजतील. मंग खाशील काय, तुजी पुस्तकं?" आणि जरा थांबून म्हणाले, "गोळी खाऊन मेला का तो? पूल बांधताना मेला. असं मरनारं आपल्याकडं पन लय हायत."

हे वाक्य मी कधीच विसरलो नाही. ज्या पुलावर तो मेला त्याचे दगडी खांब पुढे आमच्याच गावाने वापरले, त्यांवर फळ्या टाकून आम्ही कितीतरी पावसाळे ओहोळ ओलांडला. आणि माझा बाप म्हणतो, गोळी खाऊन मेला का! पण त्या वेळी मी मान डोलवून उठलो. पत्र मात्र फाडलं नाही. घडी करून पुस्तकात ठेवलं. त्याला तेव्हा मी बंड समजत होतो. आता त्याची मला लाज वाटते. कागद जपणं सोपं असतं.

ती आली तेव्हा उन्हं वर आली होती. नगरहून माळशेज घाटाने मुरबाडला, तिथून धसईच्या एसटीने आणि पुढे पायी. पांढरी, बारीक काठाची साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. साठीच्या पुढची असावी. ती पांदीतच दिसल्याबरोबर बा मला आणि गड्याला म्हणाले, "दगुड पालथा करा, वर पेंढा टाका." आम्ही केला. दगड पालथा पडतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो, जाड, ओला. त्याच्यावर पेंढ्याच्या दोन गुंड्या टाकल्या आणि ती खळ्यात येऊन उभी राहिली.

"पाटील आपणच का? मी पत्र पाठवलं होतं."

"पत्र? नाय बाय. टपालाचं काय खरं नाय आमच्याकडं. बसा. पानी आन गो."

आईने पाणी आणलं, मग चहा, मग जेवायलाच वाढलं. नव्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं, भाकरी. ती बाई जेवणाआधी डोळे मिटून पुटपुटली आणि मग मनापासून जेवली. आईला म्हणाली, "किती गोड आहे हो तुमचा भात." आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. जेवणं झाल्यावर ती बाई खळ्याकडे बघत राहिली. ती शेतकऱ्याच्या घरातली असावी, कारण बुधाकडे बघून म्हणाली, "सगळीकडे दगडावर झोडतात ना? तुम्ही फळीवर का हो?"

बुधाने एकदा माझ्या बापाकडे पाहिलं, एकदा पेंढ्याच्या ढिगाकडे. "माना दगडाव जमत नाय, बाय," तो म्हणाला. मग त्याने फळी उचलली आणि वाडीकडे चालू लागला. त्या दिवशी तो परत आला नाही. पुढे आमच्याकडे झोडायलाही कधी आला नाही.

बाने तिला सांगितलं की दगडबिगड काही नाही, सरकारने कधीच नेला, पण जागा दाखवता येईल. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ओहळाच्या पल्याडचा माळ दाव. आपल्या माळाकडं जाऊ देऊ नको." आणि मी निघालो.

ओहोळात गुडघ्याच्या खाली पाणी होतं. तिने बूट काढून हातात घेतले, मी तिचा हात धरला. ती वाटेत बोलत होती. दादा तिला खांद्यावर बसवून रविवारी देवळात न्यायचा, असं ती म्हणाली. ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तो सुट्टीवर आला तेव्हा तिच्यासाठी पाटी आणली होती, तिची चौकट लाल होती. तो गेल्याचं कळलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई रडली नाही, आईने त्याचे दोन सदरे धुवून घडी करून ठेवले आणि अजून ते ट्रंकेत आहेत. "तू काय शिकतोस?" तिने विचारलं. मी म्हणालो, बी. ए. "वा," ती म्हणाली, "मग तुला इतिहास असेल." मी हो म्हणालो.

पलीकडच्या माळावर काहीही नव्हतं. करवंदीच्या जाळ्या, एक वारूळ, गुरांच्या वाटा. ती उभी राहिली.

"इथेच का?"

"हो. इथंच. म्हातारे सांगतात."

"सातही जण?"

"हो."

मग तिने तो प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत मी ज्या ज्या माणसांना तोंड दिलंय त्यातल्या कुणीही मला त्यापेक्षा कठीण प्रश्न विचारलेला नाही. ती म्हणाली, "बाळ, डोकं कुठल्या बाजूला असेल रे दादाचं?"

मी हात वर केला आणि वारुळाच्या बाजूला बोट दाखवलं. विचारसुद्धा केला नाही. बोट आपोआप गेलं.

ती तिथे गेली, खाली बसली आणि जमिनीवर हाताचा पंजा पसरून ठेवला, तान्ह्या मुलाच्या पोटावर ठेवतात तसा. बराच वेळ बसली. मग तिने पिशवीतून स्टीलचा चमचा काढला. घरून आणलेला, रोजच्या जेवणातला चमचा. त्याने जमीन खरवडून माती एका रुमालात घेतली, रुमाल बांधला. हलक्या आवाजात एक गाणं म्हटलं, आवाज कापरा होता आणि शेवटच्या ओळीला फुटला. उठताना मला म्हणाली, "आई गेली की तिच्या पेटीत ठेवायची आहे. तिच्याबरोबर जाईल." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "इथे कुणाला नांगर घालू देऊ नकोस हं. एवढं कर."

मी म्हणालो, "हो."

तिला धसईच्या एसटीत बसवून मी परत आलो तेव्हा आई चुलीपाशी बसली होती. ताटं तशीच होती. तिने विचारलं, कुठे नेलंस. मी सांगितलं. आईने त्या ताटांकडे हात केला.

"तिच्या भावाच्या उराव झोडल्यालं भात तिला वाढलं मी," ती म्हणाली. "आन ती म्हनाली, गोड हाय. मी काय करनार व्हते? मी भायेर तोंड उघडलं अस्तं तर ह्या मानसानं मला जित्ती ठेवली नसती. पर तू?"

"बा म्हणाले..."

"बापाम्होरं नाय बोललास, ठीक. पर ओहळाच्या पल्याड बाप व्हता का रे?"

बस, एवढंच. पुढे आई वीस-एक वर्षं जगली, पण हा विषय तिने पुन्हा काढला नाही. काढायची गरजही नव्हती. बाबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो मरेपर्यंत राहील. थडग्यावर नाचणी पेरणाऱ्या माणसाला मी कसा माफ करू? पण बा ओहोळाच्या अलीकडे होते. पलीकडे एक म्हातारी होती, एक चमचा होता आणि मी होतो. तिथे कुणीही मला अडवत नव्हतं. मी तिला सांगितलं असतं, मागे वळा, त्या नाचणीच्या शेतात चला, तर पाच मिनिटांत ती तिच्या भावापाशी पोचली असती. मी तिला पाच मिनिटं दिली नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा काही मोठेपणा नाही. मी मास्तर झालो, शहापूरला घर बांधलं. बा गेल्यावर माळ विकला. आमच्याकडे सध्या सगळेच माळ विकतायत, मुंबईच्या लोकांना फार्महाऊस हवं असतं. खरेदीखतावर सही माझी आहे. सही करताना त्या सात उंचवट्यांबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. आता तिथे हिरवळ आहे, झोपाळा आहे आणि शनिवार-रविवारी गाणी वाजतात. नांगरापेक्षा वाईट केलं मी. दगड मात्र विकला नाही. तो गावच्या घरी विहिरीपाशी पालथा होता, भाडेकरू त्याच्यावर कपडे धुवायचे. मी नगरला कधी गेलो नाही. भाच्याचं लग्न नगरला होतं, मी ताप आल्याचं सांगितलं. शाळेची सहल माळशेजला गेली की मी घाटाच्या अलीकडे टोकावड्याला उतरून राहायचो आणि मुलांना सांगायचो, मला वळणाचा रस्ता सोसत नाही.

आणि दर पंधरा ऑगस्टला मी शाळेत भाषण करायचो. चांगलं करायचो. वीर जवानांच्या रक्ताने, वगैरे. मुलं टाळ्या वाजवायची, सरपंच पाठीवर थाप मारायचे. त्या भाषणांची आठवण झाली की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात गावाकडच्या काही मंडळींनी स्मारकाचा फलक उभारायचं ठरवलं. आपल्या भागातल्या सैनिकांची नावं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, सर इतिहासाचे म्हणून. बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने सहज विचारलं, "सर, आपल्या शिवारात कुनी जवान पुरलेला बिरलेला नाय ना? म्हंजे राहून जायला नको."

मी म्हणालो, "नाही."

दुसऱ्यांदा. आता बाप नव्हता, माळ नव्हता, भीती वाटावी असं काहीही नव्हतं. तरी जीभ तशीच वळली. चहाचा कप ठेवून मी उठलो, बैठकीतून निघालो तो सरळ गावी गेलो, भाडेकरूच्या मुलाकडून पहार मागून घेतली आणि दगड उलटा केला. शिपाई वाचता येतं. दाविद वाचता येतं. मनोहर अर्धं. खालचं काही नाही. ते आम्ही झोडून काढलं, वर्षानुवर्षं, चार-चार माणसांनी मिळून. जे उरलं होतं ते खाली साचलेल्या साबणाच्या पाण्याने गेलं.

मग मी त्या कार्यकर्त्याला फोन करून सांगितलं की यादीत एक नाव घाल आणि त्याच्यापुढे सहा जण, नावं ठाऊक नाहीत, असं लिही. तो म्हणाला, "सर, पुरावा?" मी म्हणालो, माझ्याकडे दगड आहे. फलकाचं काय होईल ते होवो. फलकाने मी सुटत नाही, हे मला कळतं.

त्या बाईंचं पत्र माझ्याकडे आहे. त्यावरचा नगरचा पत्ता मला पाठ आहे. त्या आता हयात असण्याची शक्यता फार कमी, त्यांची आई तर केव्हाच गेली असणार, आणि तिच्या पेटीत आमच्या गुरांच्या माळावरची माती गेली असणार. ती परत आणता येत नाही. पण त्या घरात कुणीतरी असेल, भाची, नातू, कुणीही. त्यांच्या दारात उभं राहून, नाव-गाव सांगून, मला एवढं सांगायचं आहे की ती माती त्याची नव्हती आणि हे मला तेव्हाच माहीत होतं. दगड त्यांना हवा असेल तर तो नंतर पोचवता येईल. आधी हे. ते मी अजून केलेलं नाही.